पंचशील ओठांवर आणि आचरणात



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी महास्थविर चंद्रमणींकडून त्रिशरण-पंचशील ग्रहण केले आणि नंतर स्वतः लाखो बांधवांकडून बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, आपल्या चांद्यालाही दीक्षा समारंभ झाला. त्रिशरणाने माणूस बौद्ध होतो, मग या प्रतिज्ञा कशासाठी? अंगरखा बदलावा तसा धर्म बदलला जाऊ नये, जुने मन नव्या नावाखाली लपून राहू नये, यासाठीच, असे आम्हाला वाटते.

आज आमच्या चिमूर भागात विहारावर पंचशील ध्वज फडकतो. पौर्णिमेला पांढरी वस्त्रे नेसून वंदना होते. वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. हे सारे हवेच. पण घराचा पाया खोदायचा म्हटले की मुहूर्त कोण काढतो? पोर तापाने फणफणले की नवस कोणाला बोलला जातो? दर्शनी खोलीत बुद्धमूर्ती आणि आतल्या कोनाड्यात जुने देव, ही फसवणूक कोणाची?

त्याहून दुःखाची गोष्ट दारूची. पाचवे शील लहान लेकरांनाही पाठ आहे. तरीही १४ एप्रिलच्या मिरवणुकीत काहींच्या तोंडाला मोहाच्या दारूचा वास येतो. दिवसभर राबून अंग मोडलेल्या मजुराला आम्ही हिणवत नाही. पण व्यासपीठावरून शीलावर भाषण ठोकून रात्री बाटली उघडणाऱ्या शिकल्या-सवरल्यांना काय म्हणावे? त्यांच्या घरातली बाई वंदनेला हात जोडते तेव्हा तिच्या मनात काय येत असेल?

डिसेंबर २०१० मध्ये दारूबंदीसाठी हजारो महिला याच चिमूरहून नागपूरच्या विधानभवनाकडे पायी निघाल्या. २०१५ च्या एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. चोरटी दारू काही थांबली नाही. २०२१ मध्ये सरकारने बंदी उठवली आणि दुकाने पुन्हा उघडली. सरकारची कारणे सरकारपाशी. आमचा प्रश्न आपल्याला आहे. १९५६ साली आपण दारू न पिण्याची प्रतिज्ञा घेतली, ती कोणत्या मंत्रिमंडळाने उठवली?

आपल्या धम्मात बुद्ध हा नवसाला पावणारा देव नाही. तो मार्ग दाखवणारा आहे. म्हणून फुले वाहून, मेणबत्त्या लावून काही पदरी पडत नाही. फुले हा आदर झाला. श्रद्धा दिसते ती वागण्यात. शील पाळले नाही तर मोठ्याने म्हटलेली वंदना म्हणजे नुसते पाठांतर.

यावर काय करावे? आमची सूचना साधी आहे. पौर्णिमेच्या वंदनेनंतर दर वेळी एकच प्रतिज्ञा घ्यावी, तिचा अर्थ मराठीत सांगावा आणि आपल्या घरी ती कुठे मोडते यावर मोकळेपणाने बोलावे. बोलण्याचा पहिला मान बायांना द्यावा, कारण घरातले खरे त्यांनाच ठाऊक असते. जयंती समितीनेही ठरवावे, की पिऊन आलेल्याच्या हाती निळा झेंडा द्यायचा नाही, मग तो अध्यक्षाचा भाऊ का असेना.

वर्षभरात दोन घरांतली बाटली सुटली, तरी विहार बांधल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

नमो बुद्धाय!