सुकाणूं मोडल्यावर

अचलपुराहून समुद्र शेंकडों मैल दूर. सापन व बिच्छन ह्या आमच्या दोन नद्या. उन्हाळ्यांत कागदाची होडी सोडावयाची म्हटली तरी डबकें शोधावें लागतें. असें असतां वार्षिक अंकांत सुकाणूचा विषय कां, असें वाचक विचारतील. त्याचें कारण एका पालकांचें पत्र. शनिवारचा सुतारकामाचा तास बंद करून तो गणितास द्यावा, मुलांस कांहीं सुतार व्हावयाचें नाहीं, असें त्यांनीं सभ्य शब्दांत सुचविलें आहे. त्यास उत्तर देणें आम्हांस प्राप्त आहे.

सुकाणूं म्हणजे गलबताच्या पाठीमागें पाण्यांत बुडालेली उभी फळी. ती वळली कीं पाण्याचा दाब तिच्यावर पडतो, पाठीमागची बाजू एका अंगास सरकते आणि नाळ दुसऱ्या अंगास वळते. भर समुद्रांत ही फळी तुटली तर शिडें शाबूत असूनही वारा गलबतास आपल्या मर्जीस येईल तिकडे फिरवितो. अशा वेळीं खलाशी शीड पसरून धरणारा लांब वासा घेतात, त्याच्या टोंकास एखादें दार किंवा तळाची फळी आवळून बांधतात, आणि पाठीमागच्या कांठावर टेकवून मोठ्या वल्ह्याप्रमाणें तो चालवितात. पौलाच्या प्रवासाची हकीकत ज्यांनीं प्रेषितांच्या कृत्यांत वाचली आहे त्यांस आठवेल कीं, त्या तारवाचीं सुकाणूं बंधनांनीं बांधलेलीं होतीं. तीं अशाच वल्ह्यांच्या जातीचीं. म्हणजे सुकाणूं मोडलें कीं मनुष्य दोन हजार वर्षें मागें जातो!

वाचावयास हें सोपें वाटतें. प्रत्यक्षांत लांकूड तरंगूं पाहतें, म्हणून पात्यास वजन बांधावें लागतें. लाटेचा सारा जोर वासा जेथें टेकला असेल तेथें येतो, आणि तेथील दोर झिजून तुटतो. दुसरी युक्ति अशी कीं, जाड कापडाची नरसाळ्यासारखी पिशवी दोन दोरांनीं मागें ओढीत न्यावी; डावा दोर आंखडला कीं गलबत डावीकडे वळतें. वेग मंदावतो खरा, पण दिशा राहते.

नौदलाचे निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी हे २०२२ सालीं एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करावयाच्या गोल्डन ग्लोब शर्यतींत उतरले. त्याच शर्यतींत २०१८ सालीं हिंदी महासागरांत त्यांचें गलबत उलटून डोलकाठी मोडली होती व पाठीस जबर दुखापत झाली होती. ह्या खेपेस वाऱ्यावर चालणाऱ्या सुकाणू-यंत्राचें पातें मोडलें, तेव्हां त्यांनीं शौचालयाच्या दारापासून नवें पातें केलें. २३६ दिवसांनीं, २९ एप्रिल २०२३ रोजीं, ते दुसऱ्या क्रमांकानें फ्रान्सच्या किनाऱ्यास पोंचले. दाराची गोष्ट ऐकून वर्गांत हंशा पिकला. पण करवत धरावयास ते त्या दिवशीं शिकले नव्हते, हें मुलांच्या ध्यानांत आलें कीं नाहीं, कोण जाणे.

प्रसंग पडला म्हणजे आपोआप सुचतें, ही समजूत आमच्याकडे फार. आम्हांस ती मान्य नाहीं. दूर समुद्रांतील शर्यतींचा नियमच असा आहे कीं, सुकाणूं गेल्यास गलबत कसें हांकावें ह्याची निदान एक रीत आधीं करून पाहिलेली असली पाहिजे. केवळ ठाऊक असून भागत नाहीं.

तात्पुरत्या युक्तीस मर्यादाही आहे. गोव्यांत दिवाडी बेटावर बांधलेली 'तारिणी' ही नौका नौदलाच्या सहा स्त्री-अधिकाऱ्यांनीं २०१७-१८ सालीं पृथ्वीभोंवतीं नेली. परततांना सुकाणूच्या यंत्रांत बिघाड झाला. घर जवळ आलें म्हणून त्यांनीं तसेंच रेटलें नाहीं. वाट वांकडी करून मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरांत दुरुस्ती केली, आणि २१ मे २०१८ रोजीं त्या गोव्यास पोंचल्या. जुगाडाची बढाई मारणारांनीं हा थांबा विसरूं नये. बंदर गांठेपर्यंतच बांधाबांध करावयाची असते.

आतां पालकांच्या पत्राविषयीं. परीक्षेची चिंता खोटी नाहीं. आम्हीही बापच आहों, आणि गुणांवांचून दारें कशीं बंद होतात हें आम्हीं घरांत पाहिलें आहे. तरीही तास सोडावयास आम्ही तयार नाहीं. गेल्या पावसाळ्यांत नववीच्या मुलांनीं शाळेच्या हौदांत हातभर होडी सोडली, सुकाणूं काढून घेतलें आणि काठीस फळी बांधून पाहिली. फळी वर आली. दगड बांधला, तर काठी निसटली. ज्यांस लाटेच्या जोराचें गणित तोंडपाठ होतें त्यांची गांठ पहिल्यांदां सुटली. परतवाड्याच्या लांकूड-बाजारांत बापाबरोबर सागाच्या ओंडक्यांस दोर आवळणाऱ्या एका मुलाची गांठ मात्र टिकली. गणितांत तो नेहमीं मागें असतो. त्या दिवशीं होडी कां वळते हें त्यानें फळ्यावर आकृति काढून सांगितलें, आणि बाण बरोबर दिशेस काढला.

पत्र लिहिणाऱ्या पालकांस आमची विनंती आहे कीं, एका शनिवारीं त्यांनीं हौदापाशीं यावें. दोर आम्ही देऊं.