शोध मोजला जातो, मोजमाप मात्र दुर्लक्षित

नवा ग्रह सापडला की बातमी होते. त्याचे अंतर नव्याने मोजले की होत नाही. तरुण ग्रहांच्या बाबतीत मात्र अंतर बदलले की ग्रहाची ओळखच बदलते.

'टू-एम १२०७ बी' हे त्याचे उदाहरण. ग्रहाएवढ्या वस्तुमानाची ही तरुण वस्तू २००४ साली चिलीतील 'व्हीएलटी' दुर्बिणीने टिपली. तेव्हा तिचे अंतर सुमारे २३० प्रकाशवर्षे मानले गेले. पुढे तारकासमूहाच्या गतीवरून आणि नंतर लंबनावरून ते सुमारे १७० ठरले. आकाशात दिसणारी चमक तीच राहिली. पण मूळ तेजस्विता अंतराच्या वर्गानुसार ठरत असल्याने ती सुमारे ४५ टक्क्यांनी घटली. असे ग्रह जन्मवेळच्या उष्णतेने चमकतात आणि वयानुसार मंदावतात. त्यांचे वस्तुमान बहुधा तेजस्विता व वय यांवरूनच काढले जाते. त्यामुळे वस्तुमानाचा अंदाजही गुरूच्या पाचपटीवरून तीन-चार पटींवर आला.

'गाया' उपग्रहाने जवळपास दोन अब्ज ताऱ्यांची नोंद केली, मग हे काम उरलेच कुठे, असे कोणी विचारील. पण 'गाया' दृश्य प्रकाशात पाहत असे. एकाकी भटकणाऱ्या थंड वस्तू मुख्यतः अवरक्त प्रकाशात चमकतात आणि बहुधा त्याच्या नजरेतून सुटतात. २०१३ साली जाहीर झालेल्या 'पीएसओ जे३१८.५-२२' या एकाकी वस्तूचे लंबन हवाईतील दुर्बिणीने जमिनीवरूनच मोजले. तिच्या आरशाचा व्यास ३.६ मीटर आहे.

नैनितालजवळच्या देवस्थळ दुर्बिणीचा आरसाही ३.६ मीटरचाच आहे. हवाईचे आकाश अधिक स्थिर आहे, हे खरे. देवस्थळला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या सहभागातून घडलेली अवरक्त उपकरणे आहेत. पण त्यांचे दृष्टिक्षेत्र लहान आहे. लंबनासाठी त्याच चौकटीत पार्श्वभूमीचे पुरेसे तारे लागतात आणि दोन-तीन वर्षे तीच वस्तू पुनःपुन्हा पाहावी लागते. काही महिन्यांच्या आवर्तनांत वाटल्या जाणाऱ्या वेळेत असे काम बसत नाही.

देवस्थळ चालवणाऱ्या संस्थेला निधी देणारा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग दिल्लीत आहे. याच दिल्लीत अठराव्या शतकात सवाई जयसिंहांनी जंतर मंतर उभारले, ते प्रचलित खगोलीय सारण्यांतील चुका दुरुस्त करण्यासाठी. ती दृष्टी आजही उपयोगी आहे. विस्तृत दृष्टिक्षेत्राचा एक अवरक्त कॅमेरा आणि दरवर्षी राखून ठेवलेल्या थोड्या रात्री, एवढ्यावर भारतीय संशोधकांना या क्षेत्रात टिकाऊ भर घालता येईल. शोधांचे दावे पुढे बदलतात. नीट नोंदवलेली मोजमापे पुढच्या पिढ्यांनाही वापरता येतात.