टाकून द्यायचा पंख

युद्धाच्या इतिहासात हरिकेन विमान येते ते विजयी वीर म्हणून. १९४४ मध्ये इंफाळला, म्हणजे आपल्या थिबा राजाच्या ब्रह्मदेशाच्या वेशीवर, भारतीय वैमानिकांनीही ते उडविले. पण मँचेस्टरच्या हिल्स कंपनीने त्याच्या डोक्यावर जादा पंख चढविला होता, हे कोण सांगतो? इंधनाने जड झालेले विमान आखूड धावपट्टीवरून उठावे आणि वर गेल्यावर तो पंख टाकून द्यावा, अशी युक्ती! १९४१ मध्ये चिमुकल्या ‘बाय-मोनो’ विमानाने पंख हवेत सोडूनही दाखविला. १९४३ मध्ये दुपंखी हरिकेनही उडाले. पुढे योजना बारगळली. म्हणून तिला ‘फसलेली’ म्हणणे मला पटत नाही. पंख सुटला, विमान तरले. मग नापास कोण? इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत अशा प्रयत्नांवर दोन गुणांची टीप तरी यावी, सर!