विहाराचे कुलूप काढा!

नवदीक्षित बौद्ध बंधू-भगिनींनो, तुमच्या वस्तीतील विहार महिन्यातून किती तास उघडा असतो, याचा हिशेब तुम्ही कधी मांडला आहे काय? रविवारची वंदना, वर्षाकाठी दोन-चार जयंत्या, मधूनमधून एखादे लग्न अथवा शोकसभा. बाकी सर्व काळ दाराला कुलूप! ज्या वास्तूसाठी तुमच्या आईबापांनी मजुरीतून वर्गणी दिली ती सायंकाळी अंधारात उभी असते, आणि तिच्याच पायरीवर बसून तुमची मुले मोबाईलवर परक्यांची गाणी ऐकतात. पंधरवड्यातून एक सायंकाळ तरी या वास्तूत वस्तीचे गाणे आणि वस्तीची वाणी ऐकू आली पाहिजे, अशी आमची मागणी आहे.

ही करमणुकीची गोष्ट नव्हे. तुम्ही बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव्हारा रिकामा केला. त्याबरोबर घरातून जागरण गेले, गोंधळ गेला, भजन गेले, देवीच्या आरत्या गेल्या. जावयासच हवे होते. परंतु रिकाम्या जागेत तुम्ही काय आणून ठेवले? मनुष्य मौनात फार दिवस राहत नाही. लग्नघरी हळदीच्या रात्री गावयास आपले गाणे नसले, की जुनेच गाणे मागील दाराने आत येते आणि त्याच्या पदराला धरून जुना देवही येतो. हे तुमच्या आळीत घडत नाही, असे छातीवर हात ठेवून सांगा.

यावर पहिली हरकत धम्माच्या नावाने घेतली जाते. अष्टशीलात नृत्य, गीत, वाद्य यांपासून विरती सांगितली आहे, मग विहारात ढोलकी कशी? शंका प्रामाणिक आहे, तिची टवाळी करू नये. परंतु अष्टशील उपोसथाच्या दिवशी ग्रहण करावयाचे असते. गृहस्थाचे नित्याचे पंचशील त्यात हा नियम नाही. अंगुत्तर निकायात धम्माचे पठण लांबलचक आळवून करण्याचे पाच दोष भगवंतांनी सांगितले आहेत, तो उपदेश भिक्खूंना आहे. उलट दीघ निकायातील सक्कपञ्ह सुत्त उघडून पाहा. पञ्चशिख गंधर्व वीणा वाजवून गातो, तेव्हा तंतूंचा स्वर आणि गीताचा स्वर एकमेकांशी जुळतो, असे म्हणून भगवान त्याची वाखाणणी करतात. आणि थेरीगाथा म्हणजे काय? पाणी भरणारी दासी पुण्णिका, नदीत बुडी मारून पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणाला तिथे पद्यातच निरुत्तर करते. फुलांचा केरकचरा झाडणाऱ्या सुनीताची गाथा थेरगाथेत आहे. म्हणून वाद मिटवा: पौर्णिमा व अमावास्या उपोसथासाठी राखा, आणि गाण्याला दुसरा एखादा शनिवार द्या.

दुसरी हरकत आमच्या शिकल्यासवरलेल्यांची आहे, आणि तीच आम्हाला अधिक झोंबते. गावकीचे वाजविणे सोडले, तमाशा सोडला, आता पुन्हा डफ का? अहो, सोडले ते हुकुमाचे वाजविणे! ज्याला हाक मारताच वाजवावे लागे तो गुलाम होता. जो स्वतःच्या सभेत स्वतःचे शब्द गातो तो नागरिक आहे. तमाशाचा साचा घेऊन त्यातील आशय आधी सत्यशोधक जलशांनी पालटला, आणि १९३० नंतरच्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी बाबासाहेबांचा विचार, जिथे वर्तमानपत्र वाचणारा एकही मनुष्य नव्हता अशा खेड्यांत पोहोचविला. १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडीत जन्मलेले वामनदादा कर्डक २००४ पर्यंत गातच राहिले. १९९७ च्या ११ जुलैला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबारात दहा माणसे मारली गेली, तेव्हा शाहीर विलास घोगरे यांनी त्या दुःखात स्वतःचे जीवन संपविले. अशी परंपरा तुम्हाला दिवाणखान्यात शोभत नसेल, तर तो दिवाणखाना तुम्हाला कोणामुळे मिळाला, हेही आठवा.

तिसऱ्या प्रकारचे लोक हरकत घेत नाहीत, वर्गणी काढतात! १४ एप्रिलला भिंतीएवढे ध्वनिवर्धक आणून छातीत धडकी भरवितात. त्या गदारोळात शब्द कोणता आणि भीम कोणता, हे कळत नाही. मोठ्या रकमेवर बोलाविलेल्या गायन पार्ट्यांचीही एक खोड आहे. दर कडव्यानंतर बक्षीस देणाऱ्याचे नाव पुकारले जाते, आणि गाणे उपाशी राहते. (बक्षीस देणाऱ्यास आपले नाव दोनदा ऐकावयाचे असते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.) साठ-सत्तर माणसांच्या खोलीला ध्वनिवर्धकाची गरजच काय? एक ढोलकी, एक पेटी, आणि समोर ऐकणारी माणसे पुरेत. रात्री १० नंतर ध्वनिवर्धकास बंदी घालणारे २००० सालचे नियमही मग आड येत नाहीत.

आणि भगिनींनो, तुमच्याविषयी. ज्यांना अक्षर ठाऊक नव्हते अशा बायांनी जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या रचल्या. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमविल्या, त्यांत या ओव्याही आहेत. जाते गेले, ओवी म्हणणाऱ्या आज्या एकेक करून चालल्या आहेत. तुमच्या घरातील आजीच्या ओव्या कोणी लिहून ठेवल्या आहेत काय? सायंकाळचा अर्धा वेळ स्त्रियांचा असावा, आणि तो शेवटी उरलेला नसावा. त्रिशरण-पंचशील होताच पहिला आवाज त्यांचा निघावा.

मुलांनी स्वतः लिहिलेले म्हणावे, वाकडेतिकडे असले तरी. एखाद्याने कविता न म्हणता कारखान्यातील अथवा वसतिगृहातील आपला अनुभव उभे राहून सांगावा. प्रत्येक गाण्याआधी ते रचणाऱ्याचे नाव घ्यावे. आपल्या कवींची गाणी निनावी करून गाण्याची वाईट सवय पडली आहे. बक्षीस नको, हारतुरे नकोत, आमदार तर नकोतच. एक जाड वही ठेवावी आणि तीत शब्द, गाणाऱ्याचे नाव व तारीख लिहावी.

विहाराच्या समितीला हे पटेल काय? चटकन पटणार नाही. फरशी खराब होईल, विजेचे बिल येईल, पोरे जमतील, अशी कारणे निघतील. पोरे जमावीत म्हणूनच हे करावयाचे आहे, असे त्यांना सांगा. संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने तुम्हाला बोलण्याचा व शांततेने एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. तो स्वतःच्याच विहाराच्या पायरीवर अर्ज करून मागावा लागत असेल, तर समितीच्या पुढील बैठकीस दहा कुटुंबांनी मिळून जा आणि किल्ली कोणाकडे असते, एवढेच प्रथम विचारा.