काटा की आकडा?

भिंतीपलीकडचे तात्या गेल्या पंचवीस वर्षांत आमच्याशी कधी चढ्या स्वरात बोलले नाहीत. म्हणूनच परवा त्यांनी "मास्तर, रात्रीचा तबला जरा..." एवढेच म्हणून वाक्य अर्धे सोडले, तेव्हा आम्हांस झोप आली नाही. चिरंजीवांची तबल्याची परीक्षा तोंडावर आलेली, आणि तात्यांचे हृदयाचे दुखणेही खरे. सामाईक भिंतीला जुन्या गाद्या लावाव्यात, असे घरात ठरले. परंतु आवाज उतरला की नाही, हे ठरविणार कोण? बापाचा कान मुलाकडे झुकायचाच!

ध्वनिमापक हवा होता. शाळेच्या प्रयोगशाळेतून काट्याचा जुना आणला. भाच्याने आपला अंकांचा पाठविला.

काट्याच्या यंत्रात आधी पल्ला ठरवावा लागतो. बटण ६० वर असेल, तर काटा ५० ते ६६ डेसिबल एवढेच दाखवितो. डग्यावर थाप पडली की उजव्या टोकाला जाऊन आपटतो. डोळाही काट्याच्या अगदी समोर हवा. तरीही हे यंत्र आम्हांस आवडले. चढउतार होणारा आवाज कोठे रेंगाळतो, हे काटा एका दृष्टिक्षेपात सांगतो. अंकांच्या यंत्रात आकडे नुसते धावतात, आणि दशांशामुळे अचूकपणाचा उगाच भास होतो. साध्या यंत्रांत दीड-दोन डेसिबलचा फरक गृहीतच धरलेला असतो.

मात्र तात्यांच्या खोलीत गेलो, आणि आमची आवड निरुपयोगी ठरली. आमच्या जुन्या यंत्राचा सर्वांत खालचा पल्लाच ५० पासून सुरू होणारा. पंखा बंद केल्यावर काटा जागचा हलेना. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतील मर्यादा ४५ डेसिबल. तेथवर न पोहोचणारे यंत्र काय कामाचे? अंकांचे यंत्र ३० पासून मोजत होते, आणि सर्वोच्च आकडा धरून ठेवण्याची सोय त्यात होती. घरकामासाठी यंत्र घेणाऱ्याने काटा की अंक हे नंतर पाहावे. यंत्र खाली किती उतरते, हे आधी विचारावे.

भारांकन 'ए', गती 'जलद', तोच कायदा, तीच लय, यंत्र ठेवण्याची जागाही तीच. गाद्यांपूर्वी सर्वोच्च आकडा ५४ आला. गाद्या लावल्या, ५२! दोन दिवसांच्या खटपटीचे एवढेच फळ. गादी खोलीतील घुमणे शोषते; पलीकडे जाणारा आवाज ती फारसा अडवीत नाही, हे आम्ही पदवीधर असून विसरलो होतो.

मग यंत्र हाती धरून भिंतीच्या कडेने फिरलो. आकडा चढला तो मधल्या दाराशी. दोन्ही घरांतील मुले लहान असताना सदैव उघडे असणारे, आणि आता कित्येक वर्षे कडी घातलेले ते दार. त्याच्या फटींत नमद्याच्या पट्ट्या घट्ट बसविल्या. आकडा ४४ वर आला.

तात्यांनी चष्मा लावून आकडा स्वतः वाचला. थोडा वेळ ऐकत बसले, आणि म्हणाले, "मास्तर, आता सम कळत नाही हो. रविवारी सकाळी तेवढे हे दार उघडत चला."