'चोर' नसलेली चोरकण्णी

चेन्नईच्या कोळत्तूर भागात शोभेच्या माशांची दुकाने एकाला लागून एक आहेत. मुलांनी हट्ट धरावा आणि आईवडिलांनी पाण्याने फुगलेल्या पिशवीतून चार मासे घरी न्यावेत, हा तिथला नेहमीचाच प्रकार. या व्यवसायात 'मिस केरळ' नावाच्या एका माशाला फार मागणी असायची. वीतभरही लांब नाही. पण चंदेरी अंगावर काळी रेघ आणि तिच्यावर तोंडापासून निघालेला लालभडक पट्टा!

मद्रासशी त्याचे नाते जुने आहे. मद्रासच्या वैद्यकीय सेवेतील डॉ. फ्रान्सिस डे यांनी १८६५ मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले आणि त्याला तेव्हाचे गव्हर्नर सर विल्यम डेनिसन यांचे नाव दिले. मलयाळी लोक मात्र त्याला 'चोरकण्णी' म्हणतात. यात चोरीचा काही संबंध नाही. मलयाळममध्ये 'चोर' म्हणजे रक्त. लाल पट्टा डोळ्यावरून जातो ना! गव्हर्नरसाहेबांपेक्षा हेच नाव त्याला अधिक शोभते.

त्याचे खरे घर म्हणजे सह्याद्रीतून पश्चिमेकडे उतरणारे केरळ-कर्नाटकातले ओढे. खडकांवरून खळाळणारे गार, स्वच्छ पाणी त्याला लागते. २०१३ मध्ये राजीव राघवन, पुण्याचे नीलेश डहाणूकर आदी संशोधकांनी त्याच्या प्रजातीला 'सह्याद्रिया' हे नाव दिले, तेही त्यामुळेच.

१९९७ मध्ये सिंगापूरच्या प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळाले आणि परदेशातून मागणी वाढली. २००५ ते २०१२ या काळात भारतातून संकटग्रस्त अशा ३० जातींचे १५ लाखांहून अधिक गोड्या पाण्यातले मासे बाहेर गेले. त्यांत चोरकण्णीचा वाटा मोठा होता.

केरळ सरकारने पकडण्यावर बंदी घातली, पण जून, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत. पुढे अभ्यासात दिसले, की विणीचा काळ ऑक्टोबर ते मार्च असा आहे. हेतू चांगला, पण पंचांग चुकले! अंड्यांनी भरलेल्या माद्या नोव्हेंबरपासून खुशाल जाळ्यात सापडत होत्या.

आता या माशाची पैदास हौदातही करता येते. मात्र हौदातला मासा आणि ओढ्यातून उचललेला मासा पिशवीत सारखेच दिसतात. कुठला, हे दुकानदाराला विचारावेच लागायचे.