सभेला जा, पण गर्दी म्हणून नको!

निवडणूक आली की आमच्या वस्त्यांत टेम्पो लागतात. माणसे भरून न्यायची, निळे झेंडे पुढे बसवायचे, उमेदवाराने बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालायचा आणि भाषणात घराच्या पट्ट्यांचा, मुलांच्या शिष्यवृत्तीचा शब्दही काढायचा नाही, हा ठरलेला कार्यक्रम! सभेला जाऊ नका, असे मी म्हणत नाही. जरूर जा, पण उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र वाचून जा. त्याच्यावरील गुन्हे, त्याची मालमत्ता व शिक्षण जाणून घेण्याचा मतदाराचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये मान्य केला आहे. मतासाठी पैसा देणारा जसा गुन्हेगार, तसाच घेणाराही, असे भारतीय न्याय संहितेचे कलम १७० सांगते.

राजकारणातील भक्ती अधःपतनाकडे व शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. तो इशारा आपल्या नेत्यांनाही लागू आहे. म्हणून बांधवांनो, भगिनींनो, सभेत उभे राहा आणि पट्ट्यांचे काय, शिष्यवृत्तीचे काय, हे विचारा. उत्तर टाळणाऱ्याला आपले मत मागण्याचा नैतिक अधिकार नाही. जयभीम!